विमानविद्येचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विमानविद्येवर लिहावे याचे काही वाचकांना, विशेषतः विज्ञान शाखेच्या मित्रांना, हसू येईल. विमान हवेत कसे तरंगते हे मला नीटसे सांगता येणार नाही. ते सांगण्याचा या लेखाचा हेतूही नाही. परंतु ते शिकण्यासाठी किती पैसे लागतात, ते कोठून येतात, आणि ते फेडायला किती वर्षे जातात, हा विषय आमच्या शाखेचा आहे. घरोघरी मुले 'एरोस्पेस' हा शब्द उच्चारू लागली आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ चंद्रावर उतरल्यापासून तर तो शब्द आमच्या अनगोळच्या गल्लीतही ऐकू येतो. त्या शब्दामागे जो खर्चाचा डोंगर उभा आहे त्याची मोजणी मात्र क्वचितच कोणी करतो.

माझा मामेभाऊ यंदा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षात आहे. मामा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगचे काम करतात. राहते घर दोन खोल्यांचे, पण स्वतःचे. मुलाला विमानाचे इंजिनिअर व्हायचे आहे. बंगळूरच्या एका खासगी महाविद्यालयाचा प्रतिनिधी घरी येऊन गेला. रंगीत पुस्तिका ठेवून गेला, आणि "आठवड्यात पैसे भरले तर सीट राखून ठेवतो" असे सांगून गेला. मामा मला म्हणाले, "तू बी.कॉम. करतोस ना, मग एवढा हिशेब करून दे." त्या निमित्ताने मी जी माहिती गोळा केली आणि जी आकडेमोड केली, ती येथे देत आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करायला हवा. आपल्याकडे विमानाशी संबंधित तीन निरनिराळी शिक्षणे एकाच नावाने ओळखली जातात. वैमानिक होणे हे एक. विमानाची देखभाल-दुरुस्ती करणारा परवानाधारक अभियंता होणे हे दुसरे. त्याचा परवाना केंद्र सरकारचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते, आणि त्याच्या परीक्षा, त्याच्या संस्था वेगळ्या. तिसरे म्हणजे एरोनॉटिकल किंवा एरोस्पेस अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी. हीत विमान, अग्निबाण वा उपग्रह यांची रचना शिकवतात: हवेचा प्रवाह, इंजिनाचा रेटा, सांगाड्याची बळकटी, उड्डाणाचे नियंत्रण. या पदवीने विमान दुरुस्तीचा परवाना आपोआप मिळत नाही, आणि परवान्याच्या अभ्यासक्रमाने माणूस रचनाकार होत नाही. पुस्तिका वाटणारे लोक हा फरक धूसर ठेवतात. तो धूसर राहण्यात त्यांचा फायदा आहे. मामेभावाला तिसरे हवे आहे, म्हणून पुढचे सारे त्या तिसऱ्याविषयी.

या पदवीसाठी देशातली सर्वांत नावाजलेली ठिकाणे म्हणजे मुंबई, मद्रास, कानपूर व खरगपूर येथील जुन्या आयआयटी, आणि तिरुवनंतपुरमची भारतीय अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था. ही शेवटची संस्था अंतराळ विभागाने २००७ साली काढली. या सर्व ठिकाणी जेईई अॅडव्हान्स्ड परीक्षेच्या क्रमांकावर प्रवेश मिळतो. गंमत अशी की जी संस्था सर्वांत कठीण तीच गरिबाला पुष्कळदा स्वस्त पडते. आयआयटीची शिकवणी फी २०१६ पासून वर्षाला दोन लाख रुपये आहे, आणि हा आकडा ऐकूनच कित्येक पालक मान हलवतात. पण ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाहून कमी त्याला ही फी पूर्ण माफ. एक ते पाच लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफ. अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांना पूर्ण माफ. म्हणजे मामांच्या उत्पन्नात दोन लाखांचे सुमारे सदुसष्ट हजार होतात. वसतिगृह व जेवण वेगळे. तेव्हा पैसे नाहीत म्हणून आयआयटीचा विचार सोडू नये. क्रमांक आला नाही तर सोडावा लागेलच, ती गोष्ट निराळी.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक टीप: त्या वाटेवरची पहिली परीक्षा, जेईई मेन, २०२१ पासून मराठीतूनही देता येते, कन्नडमधूनही. अॅडव्हान्स्ड मात्र फक्त इंग्रजी आणि हिंदीतूनच. मी स्वतः दहावीपर्यंत मराठीतून शिकलो, आणि 'नामे-जमा' वरून 'डेबिट-क्रेडिट' वर येताना पहिले सहा महिने कसे गेले हे मला ठाऊक आहे. 'संवेग' म्हणजेच 'मोमेंटम' हे मनाने स्वीकारायला वेळ लागतो. हा वेळ बुद्धीच्या कमतरतेचा नसतो, भाषांतराचा असतो. परंतु परीक्षेच्या घड्याळाला तो फरक कळत नाही.

आता ज्यांना अॅडव्हान्स्डचा क्रमांक लागणार नाही अशांविषयी, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांविषयी. कर्नाटकातले अभियांत्रिकी प्रवेश मुख्यतः दोन परीक्षांवर होतात: सरकारची सीईटी, आणि खासगी महाविद्यालयांच्या संघाची कॉमेडके. सीईटीच्या क्रमांकात पीयूसीचे गुण निम्मे आणि परीक्षेचे निम्मे धरतात. तिसरी वाट व्यवस्थापन कोट्याची. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या तीन मुलांनी या तीन वाटांनी प्रवेश घेतला असेल तर तिघांची फी वेगवेगळी असते. सीईटीतून खासगी महाविद्यालयात मिळालेल्या सरकारी जागेची फी गेल्या दोन-तीन वर्षांत वर्षाला लाखाच्या आतबाहेर राहिली आहे. कॉमेडकेची तिच्या दुपटीहून अधिक. व्यवस्थापन कोट्याची ज्याच्या-त्याच्या बोलणीवर. शिकवणारे तेच, प्रयोगशाळा तीच, पदवीवरचा शिक्काही तोच. एकाच मालाला तीन भाव हे अर्थशास्त्राच्या तासाला 'भावभेद' म्हणून शिकलो होतो, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातही नव्हते.

सीईटीत आणखी एक सोय आहे, जिची माहिती माझ्या वर्गातल्या एकालाही नव्हती. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या योजनेनुसार मंजूर जागांच्या पाच टक्के जादा जागा अशा असतात की ज्यांची शिकवणी फी माफ असते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांहून कमी असावे, एवढी अट. कर्नाटकात या जागांना 'एस.एन.क्यू.' म्हणतात. जागा थोड्या, म्हणून क्रमांक चांगला लागतो; आणि उत्पन्नाचा दाखला अर्ज भरतानाच हाती असावा लागतो. मागाहून आणतो म्हणून चालत नाही. मुलींसाठी त्याच परिषदेची 'प्रगती' शिष्यवृत्ती आहे: वर्षाला पन्नास हजार रुपये, उत्पन्नाची मर्यादा तीच आठ लाख, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत.

आपल्या भागापुरती आणखी एक वाट आहे. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या नियमांत वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र प्रकार ठेवलेला आहे. त्या गावांचा रहिवासी असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले लागतात, व महाराष्ट्राची सीईटी द्यावी लागते. सीमाप्रश्नावर कोणाचे मत काय आहे याच्याशी या लेखाला कर्तव्य नाही. कन्नड विभागातले माझे मित्रही हे वाचतील, आणि गडीनाडू कन्नडिगांसाठी अशाच सोयी कर्नाटकाच्या नियमांत आहेत हे त्यांना ठाऊक आहे. मुद्दा एवढाच, की येथल्या मुलाला दोन राज्यांची दारे ठोठावता येतात आणि पुष्कळ जण एकच ठोठावतात. अर्थात प्रवेशाचा हक्क मिळाला म्हणजे तिथल्या फी-सवलती मिळाल्या असे धरून चालू नये. ते स्वतंत्रपणे विचारून घ्यावे.

आता मामांच्या हिशेबाकडे येतो. त्या बंगळूरच्या महाविद्यालयाची फी आणि वसतिगृह मिळून वर्षाला साडेतीन लाख, चार वर्षांचे चौदा लाख. मामांची आयुष्यभराची शिल्लक चार लाख. उरले दहा लाख, ते कर्जाने. शैक्षणिक कर्जाचे बँकांचे सर्वसाधारण नियम असे: चार लाखांपर्यंत तारण नाही; चार ते साडेसात लाखांपर्यंत जामीन किंवा सरकारी हमी योजना; साडेसात लाखांच्या वर तारण. दहा लाखांना तारण काय? ते दोन खोल्यांचे घर. शिवाय गुणवत्तेवर मिळालेल्या प्रवेशाकडे आणि व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाकडे बँक एकाच नजरेने पाहात नाही.

समजा बँकेने दरवर्षी अडीच लाख याप्रमाणे दहा लाख दिले, व्याज दहा टक्के. शिक्षणाची चार वर्षे आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता नसतो. याला लोक 'सूट' म्हणतात. ती हप्त्याची सूट असते, व्याजाची नव्हे. पहिल्या अडीच लाखांवर पाच वर्षांचे सरळव्याज सव्वा लाख. दुसऱ्यावर चार वर्षांचे एक लाख. तिसऱ्यावर पाऊण लाख. चौथ्यावर अर्धा लाख. बेरीज साडेतीन लाख. म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या आदल्या दिवशी कर्ज दहा लाख नसते, साडेतेरा लाख असते. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,८४० रुपये. मुदत पंधरा वर्षे केली तर हप्ता साधारण १४,५०० वर येतो. मग मामा खूश होतात, पण एकूण भरणा एकवीस लाखांवरून सव्वीस लाखांवर जातो. उलट शिकत असतानाच दरमहा व्याज भरत गेले तर हप्ता दहा लाखांवरच बसतो: दहा वर्षांच्या मुदतीला सुमारे १३,२००, आणि एकूणात दोन लाखांची बचत. पण व्याज तरी भरणार कोण? चौथ्या वर्षी ते महिन्याला आठ हजारांच्या वर जाते.

नोकरी लागल्यावर पहिला पगार पंचवीस-तीस हजार गृहीत धरा. त्यातून सतरा-अठरा हजार हप्ता, उरलेल्यात बंगळूरची खोली आणि जेवण. प्रतिनिधीने "शंभर टक्के नोकरी" असे सांगितले होते. कोणती नोकरी, हे मामांनी विचारले तेव्हा त्याने पुस्तिकेतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांची नावे वाचून दाखवली. विमान शिकायचे आणि संगणकाची नोकरी करायची, तर मग विमानाच्या नावाचे जादा पैसे कशासाठी?

येथे वाचक म्हणतील की व्याजात सरकारची सवलत असते. असते. केंद्राने २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारणाशिवाय व जामिनाशिवाय कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात तीन टक्के व्याजसवलतीची तरतूद आहे. परंतु महाविद्यालय सरकारने ठरवलेल्या दर्जेदार संस्थांच्या यादीत असावे लागते आणि प्रवेश गुणवत्तेवर झालेला असावा लागतो. त्या प्रतिनिधीला मी यादीविषयी विचारले. त्याने विषय बदलला.

माझ्या मते या प्रश्नाची किल्ली पदवीवरच्या नावात नाही. इस्रो जेव्हा आपल्या केंद्रीय भरती मंडळामार्फत अभियंते घेते, तेव्हा जाहिरातीत नेहमी दिसणाऱ्या शाखा मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक याच असतात. अग्निबाणाचा मोठा भाग हा शेवटी टाक्या, झडपा, जोड, उष्णता आणि कंप यांचा प्रश्न असतो, आणि ते मेकॅनिकलवाले शिकतातच. आपल्या जिल्ह्यात हत्तरगीला एक्वस कंपनीच्या वसाहतीत एअरबस व बोइंगच्या विमानांसाठी सुटे भाग तयार होतात. तिथले काम धातू अचूक कापण्याचे, घडवण्याचे आणि तपासण्याचे. त्याला मुख्यत्वे यंत्रशाखेचे ज्ञान लागते. मामांनी आयुष्यभर ओतीव कामात मायक्रोमीटर हाताळला आहे. हत्तरगीचे काम समजावून घेताना त्यांना जेवढे कळले तेवढे मला कळले नाही, हे सांगायला हरकत नाही.

इतिहासही हेच दाखवतो. विष्णू माधव घाटगे हे आपल्या शेजारच्या गडहिंग्लज भागातले. त्यांनी आधी भौतिकशास्त्राचा अभ्यास केला, मग जर्मनीत गॉटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली. १९४२ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याची धुरा त्यांच्याकडे होती. पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली रचलेले एच.टी.-२ हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. सतीश धवन यांनी लाहोरला गणित, इंग्रजी वाङ्मय आणि मग मेकॅनिकल इंजिनिअरिंग अशा पदव्या घेतल्या. विमानविद्या त्यानंतर, अमेरिकेत. अब्दुल कलाम तिरुचिरापल्लीला भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले, त्यानंतर मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गेले. तिथल्या प्रवेशाला सुमारे हजार रुपये हवे होते. त्यांच्या बहिणीने, जोहरा यांनी, सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवून ते उभे केले. ही गोष्ट व्याख्यानांतून फार सांगितली जाते, आणि ती ऐकून मामींनी आपल्या पाटल्या पुढे केल्या. पण सांगणारे दोन गोष्टी गाळतात. कलामांनी त्या बांगड्या स्वतःच्या कमाईतून सोडवण्याचा निश्चय केला होता, आणि ती रक्कम कमाईतून सुटण्याजोगी होती. दहा लाख तशी नाहीत.

तर माझा हिशेब असा: सीईटीतून बेळगावातच सरकारी फीची जागा, घरी राहून. चार वर्षांचे साधारण चार लाख, म्हणजे मामांची शिल्लक तेवढीच आणि कर्ज शून्य. शिल्लक मोडायची नसेल तर चार लाखांचे कर्ज, त्याला तारण नाही. वरच्याच दराने हप्ता सुमारे ७,१०० रुपये. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाशी संलग्न काही महाविद्यालयांत एरोनॉटिकल शाखा आहे. ती घरी राहून, सरकारी फीत मिळाली तर जरूर विचार करावा, कारण मग खर्चाचा प्रश्न उरत नाही. नाहीतर मेकॅनिकल. महाराष्ट्राच्या सीईटीत क्रमांक लागला तर सांगलीचे वालचंद महाविद्यालयही धरावे. ज्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली, त्यांचेच नाव त्या महाविद्यालयाला आहे.

आणि मग गेट परीक्षा. तिच्यात एरोस्पेसचा स्वतंत्र पेपर आहे, तो मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यालाही देता येतो. शिवाय मेकॅनिकलच्या पेपरवरही एरोस्पेसच्या एम.टेक.ला अर्ज करता येतो. आयआयटी किंवा भारतीय विज्ञान संस्थेत गेटवर प्रवेश मिळाला की महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. दोन वर्षांचे २,९७,६०० रुपये. म्हणजे जी विद्या शिकण्यासाठी अठराव्या वर्षी घर तारण ठेवावे लागते, तीच बाविसाव्या वर्षी विद्यावेतन घेऊन शिकता येते. कर्ज घेतलेले असेल तर पुढील शिक्षणासाठी बँक हप्त्याची मुदत वाढवून देते का, हे आधीच विचारून ठेवावे.

या योजनेतला धोका मी मामेभावाला लपवला नाही. गेट कठीण आहे. चार वर्षांत मन दुसरीकडे वळू शकते. तिसऱ्या वर्षी सॉफ्टवेअर कंपनी दाराशी आली की विमानाचे स्वप्न मेकॅनिकलच्या वर्गात फार लवकर विसरले जाते, असे आमच्या गल्लीतले दोघे इंजिनिअर सांगतात. त्याला हे आवडले नाही. तो म्हणाला, "दादा, तू फक्त पैसे मोजतोस." त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण कर्ज घेताना त्याची सही मुलगा म्हणून होणार, आणि घराच्या कागदावर मामांची.

कोणतेही महाविद्यालय पाहायला गेलात तर इमारतीपेक्षा चार गोष्टी विचारा. या शाखेला राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता आहे का. ती महाविद्यालयाला नव्हे, शाखेला असते. वाऱ्याचा बोगदा चालू आहे का, आणि विद्यार्थ्याला तो स्वतः चालवू देतात का. गेल्या तीन तुकड्यांतले किती जण विमानाच्या किंवा यंत्राच्या कामात गेले. आणि चारही वर्षांची फी लेखी द्याल का. शेवटच्या प्रश्नाला मिळणारे उत्तर पहिल्या तीनहून अधिक बोलके असते.

मामांनी आठवड्याची मुदत जाऊ दिली. मामेभावाने दोन्ही राज्यांच्या सीईटीची तयारी धरली आहे, जेईई मेनसुद्धा देणार आहे. मेनची प्रश्नपत्रिका मराठीतून घ्यावी की इंग्रजीतून, यावर घरात अजून वाद चालू आहे. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून काढून आणला आहे. मातृभाषेच्या दाखल्यासाठी शाळेतला जुना उतारा शोधणे चालू आहे.